‘सेल’ म्हणजे पोळ्यातले घर

सेलफोनमधला ‘सेल’ पुष्कळांना बॅटरीचा वाटतो. खरे तर तो मधमाशीच्या पोळ्यातल्या घरासारखा आहे. मोबाईलच्या शब्दकोशातले बरेचसे शब्द टंचाईने घडवले, असे मला वाटते.

टंचाई होती रेडिओलहरींची. १९४६ साली अमेरिकेत सेंट लुइस येथे बेल कंपनीने मोटारीतल्या टेलिफोनची सेवा सुरू केली. सबंध शहराला एकच शक्तिमान प्रक्षेपण केंद्र होते. त्यामुळे एका चॅनेलवर एकजण बोलू लागला की शहरात इतर कुणालाही ते चॅनेल मिळत नसे. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेतील डग्लस रिंग यांनी एका टिपणात तोड सुचवली. शहराची लहान षटकोनी घरे पाडायची आणि प्रत्येक घराला कमी ताकदीचे केंद्र द्यायचे. शेजारच्या घरांत चॅनेल वेगळी; पण काही घरे सोडून तीच पुन्हा वापरायची.

अशा घराचे केंद्र म्हणजे ‘बेस स्टेशन’. आपण त्याला सरसकट टॉवर म्हणतो. पण टॉवर हा केवळ अँटेनाचा आधार. गर्दीच्या शहरात उंचीपेक्षा घरांची संख्या महत्त्वाची. घरे लहान, तितकी तीच चॅनेल अधिक वेळा कामी येतात.

१९८२ साली युरोपातील टपाल व दूरसंचार प्रशासनांच्या परिषदेने ‘ग्रुप स्पेस्याल मोबिल’ ही समिती नेमली. तिचीच आद्याक्षरे जीएसएम. या डिजिटल पद्धतीत ‘चॅनेल’चा अर्थही पालटला. मूळच्या पट्ट्यात १२४ वाहक लहरी होत्या. प्रत्येकीच्या वेळेचे आठ भाग केले, त्यांना ‘टाइम स्लॉट’ म्हणतात. आठजण एकाच लहरीवर आळीपाळीने बोलतात, पण पाळी इतक्या झटपट येते की कुणाला खंड जाणवत नाही. शिवाय ‘पेजिंग चॅनेल’ असते. तुम्हाला फोन आला की त्यावर दवंडी पिटली जाते.

३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत सुखराम यांना फोन केला आणि भारतात मोबाईल आला. पुढे या लहरींच्या वाटपावरून मोठा वाद झाला. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले आणि लहरी ही राष्ट्राची नैसर्गिक संपत्ती असल्याचे सांगितले. पाण्याच्या पाळीवरून गावात भांडणे का होतात, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या निकालाचे मोल वेगळे सांगायला नको.