नांवाची चव

भोजनगृहांत पदार्थांची यादी हातीं आली म्हणजे मनुष्य आधीं नांव चाखतो, मग पदार्थ. दक्षिणेकडील थंड समुद्रांत ‘टूथफिश’, म्हणजे दातमासा, नांवाचा एक ओबडधोबड मासा सांपडतो. ह्या नांवाचा मासा कोण मागवणार? १९७७ सालीं ली लँट्झ ह्या अमेरिकन व्यापाऱ्यानें त्यास ‘चिलियन सी बास’ म्हटलें. वास्तविक तो बास जातीचा नव्हेच. तरी १९९४ सालीं अमेरिकन सरकारनेंही तें नांव मान्य केलें. बड्या भोजनगृहांतून मागणी इतकी वाढली कीं, सावकाश वाढणाऱ्या ह्या माशाची चोरटी शिकार बेसुमार होऊं लागली. अखेर २००२ सालीं तिकडील अनेक आचाऱ्यांनींच तें नांव यादींतून काढून टाकिलें. यादींतील तीन शब्दांची किंमत समुद्रास मोजावी लागली.