अंगठ्याचे कुलूप: जंगीपूरच्या करारापासून यवतमाळच्या लॅपटॉपपर्यंत

दीड-दोन सेंटीमीटर जाडीच्या लॅपटॉपचे झाकण उघडायचे, कोपऱ्यातील बटणावर बोट टेकवायचे, की पडदा उजळतो. या क्रियेला जेमतेम एक सेकंद लागतो. त्या सेकंदामागचा इतिहास मात्र दीडशे वर्षांहून जुना आहे. तो बराचसा भारतात घडला आणि त्याचे एक टोक यवतमाळ जिल्ह्यात येऊन पोहोचते. हा धागा त्या बोटाविषयी.

आरंभी एक साधा प्रश्न: लॅपटॉपला एवढ्या बंदोबस्ताची गरज का पडली? टेबलावरचा संगणक खोलीत असे आणि खोलीला कुलूप असे, त्यामुळे संगणकाची राखण भिंतीच करीत. पातळ, हलका लॅपटॉप गाडीत राहतो, बसस्थानकावर विसरतो, पिशवीसकट चोरीला जातो. त्यावरचा पहिला उपाय अगदी गोठ्यातला होता. यंत्राच्या कडेला एक खाच ठेवायची, तीत पोलादी तार अडकवायची आणि तार टेबलाच्या पायाला बांधायची. दावे लावून खुंट्याला बांधलेल्या बैलाहून यात निराळे काही नव्हते. पण जे यंत्र फिरण्यासाठीच घडवले, ते बांधून किती काळ ठेवणार? मग कुलूप यंत्राच्या आत शिरले. साठवलेली माहिती सांकेतिक रूपात ठेवणे, त्या संकेताची किल्ली 'टीपीएम' नावाच्या स्वतंत्र चिपमध्ये राखणे आणि धन्याला त्याच्या शरीरावरून ओळखणे, अशी ही व्यवस्था आहे. आयबीएमने २००४ मध्ये थिंकपॅड टी४२ या लॅपटॉपवर बोटाचा ठसा वाचणारी पट्टी बसवली. २०१३ मध्ये ती सोय आयफोन ५एस मध्ये आली, २०१८ मध्ये सडपातळ मॅकबुक एअरमध्ये. २०२१ च्या विंडोज ११ ने तर टीपीएम चिप असण्याचीच अट घातली.

यातील शरीरावरून ओळख पटवण्याची कल्पना संगणकवाल्यांची नाही. ती दप्तरातून आलेली आहे.

मराठेशाहीतील कागद पाहिला तर त्यात सुरक्षेची दोन स्वतंत्र कामे दिसतात. पहिले काम म्हणजे मजकुरात कोणी भर घालू नये. त्यासाठी माथ्यावर मुद्रा आणि शेवटी मोर्तब. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी येणारे 'मर्यादेयं विराजते' हे मोर्तब म्हणजे मजकूर इथे संपला, यापुढचे काही खरे मानू नये, असा इशारा होता. दुसरे काम, कागद कोणाचा हे ठरवणे. लिहिता न येणारा पाटील किंवा कुणबी महजरावर 'निशाणी नांगर' करीत असे. कारागीर आपल्या हत्याराचे चित्र काढी. ही निशाणी माणसाच्या धंद्याची होती, देहाची नव्हती. ती कोणीही काढू शकला असता. पण ती गोतसभेसमोर, चार लोकांच्या साक्षीने होई, आणि खरी सुरक्षा त्या चार लोकांत होती. ओळखणारा समाज समोर बसलेला असताना अंगठ्याची गरज कोणाला वाटली नाही.

ती वाटली परक्या राज्यकर्त्याला. १८५७ चे बंड नुकतेच झाले होते. जुलै १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम जेम्स हर्शेल या तरुण सनदी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराशी रस्त्याच्या खडीचा करार केला. माल दोन हजार मण. इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: कोनाई निरक्षर नव्हता. करार त्याने स्वतःच्या हाताने लिहिला होता आणि तो सही करण्याच्या बेतात होता. हर्शेलला मात्र त्या सहीवर भरवसा नव्हता. त्याने सरकारी शिक्क्यासाठी केलेली तेलकट शाई कोनाईच्या पंजाला फासली आणि कागदाच्या पाठीवर त्याच्या हाताचा छाप उमटवला. पुढे सही नाकारण्याचा विचारही त्याच्या मनात येऊ नये, एवढाच हेतू होता. थोडक्यात, या तंत्राचा जन्म शास्त्रीय शोधात झाला नाही. तो अविश्वासात झाला. शिक्क्याची शाई माणसाच्या हाताला लागली आणि माणूसच शिक्का झाला.

पुढे १८७७ मध्ये हुगळीला असताना हर्शेलने हीच रीत पेन्शन, दस्तनोंदणी आणि तुरुंग या तीन खात्यांत आणली. मेलेल्या पेन्शनदाराच्या नावावर दुसऱ्याने पैसे उचलू नयेत, विकलेल्या जमिनीचा दस्त कोणी नाकारू नये, एकाची शिक्षा दुसऱ्याने भोगू नये. आज अंगठा जिथे जिथे मागितला जातो, त्यातली बरीच ठिकाणे या यादीत आधीच आहेत.

पण ठसा घेणे आणि ठसा शोधणे यांत फार अंतर आहे. हजारो कागदांच्या ढिगातून एक बोट कसे हुडकायचे? हा प्रश्न कलकत्त्यात सुटला. श्रेय मिळाले बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांना. पद्धतीला नावही त्यांचेच. गणिती मांडणी मात्र प्रामुख्याने त्यांच्या हाताखालील अझीझुल हक यांची, आणि तिच्या घडणीत हेमचंद्र बोस यांचाही मोठा वाटा. ही मांडणी आज वाचताना थक्क व्हायला होते. दहा बोटे घ्या. प्रत्येक बोटावर चक्र आहे की नाही, एवढेच पाहा. दोनच उत्तरे. बोटांच्या पाच जोड्या करून चक्राला अनुक्रमे १६, ८, ४, २ आणि १ असे गुण द्या. सगळे ठसे १०२४ कप्प्यांत विभागले जातात. दोनचा दहावा घात. संगणकाच्या स्मृतीची मापे ज्या आकड्यावर उभी आहेत, तोच हा आकडा. १८९७ मध्ये, वीजही न लागणाऱ्या लाकडी कपाटांत, दोन बंगाली कर्मचाऱ्यांनी द्विमान पद्धतीचा शोधसंच चालवला होता. त्याच वर्षी कलकत्त्यात ठशांचे स्वतंत्र कार्यालय सुरू झाले. लंडनच्या स्कॉटलंड यार्डला त्यासाठी १९०१ उजाडावे लागले.

न्यायालयाने प्रथम किती विश्वास ठेवला, हेही पाहण्याजोगे आहे. जलपायगुडीकडील एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. तेथे सापडलेल्या बंगाली पंचांगावर रक्ताने माखलेल्या बोटाचा डाग होता. तो कंगाली चरण या पूर्वी शिक्षा झालेल्या नोकराच्या ठशाशी जुळला. १८९८ मध्ये न्यायालयाने त्याला चोरीसाठी दोषी धरले, खुनासाठी नाही. बोट तिथे होते, इतके ठशाने सिद्ध झाले. त्या बोटाने काय केले, ते नाही. हा फरक त्या काळच्या न्यायाधीशाला कळला होता, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

१८९९ मध्ये पुरावा कायद्यात ठशांच्या तज्ज्ञाला स्थान मिळाले. मग आला १९११ चा गुन्हेगार जमाती कायदा. १८७१ च्या मूळ कायद्यात जमातींची नोंद होतीच. आता नोंद झालेल्या प्रत्येकाचे ठसे घेण्याचा अधिकारही सरकारला मिळाला. ठसा घेण्यासाठी गुन्हा करावा लागत नव्हता, त्या जमातीत जन्मणे पुरेसे होते. कोनाईवर अविश्वास एका करारापुरता होता. इथे तो पिढ्यान्‌पिढ्यांवर ठेवला गेला. मुंबई इलाख्यात आणि इतरत्र या कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्यांत पारधी होते. यवतमाळ-अमरावती भागात फासेपारध्यांचे बेडे आजही आहेत. वऱ्हाडातील पारध्यांपैकीच एक शाखा टाकणकारांची. जात्याला टाकी लावून ते पुन्हा खरबरीत करणे हा त्यांचा व्यवसाय. रोज छिन्नी-हातोडा चालवणाऱ्या त्या बोटांवर रेषा किती शिल्लक राहत असतील, हा प्रश्न पुढे उपयोगी पडेल. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण १९५९ मध्ये मुंबई राज्याचा सराईत गुन्हेगार कायदा आला आणि पोलिसांच्या नोंदवहीची सवय सुटली नाही.

आता यवतमाळ. इंग्रजी अमदानीत या जिल्ह्याचे नाव वणीवरून 'वुन' होते. १९०५ मध्ये ते बदलून यवतमाळ झाले. कापसाचा जिल्हा, आणि गेल्या दोन-तीन दशकांत शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर नाव झालेला जिल्हा. नंदुरबारच्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिला आधार क्रमांक दिला गेला. त्यानंतर काही वर्षांत यवतमाळच्या गावोगावीही 'आपले सरकार सेवा केंद्रा'त लॅपटॉप आणि त्याला वायरने जोडलेले बोटभर यंत्र दिसू लागले. २०१७ च्या कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत यादीत नाव आल्यावर केंद्रात जाऊन आधार प्रमाणीकरण करावे लागे, म्हणजे बहुधा अंगठा द्यावा लागे. पीएम-किसानला ई-केवायसी आवश्यक झाले. त्याच योजनेचा सोळावा हप्ता २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांनी यवतमाळमधूनच वितरित केला.

'अंगठेबहाद्दर' हा शब्द मराठीत निरक्षरासाठी टोमणा म्हणून वापरला जाई. आता पदवीधरालाही अंगठा लावावा लागतो, एवढी समता आली म्हणायची.

अडचण मात्र कातडीतच आहे. ठसा वाचणारे यंत्र बोटावरील उंच रेषा आणि त्यांमधील खळगे यांतला फरक मोजते. काही यंत्रे तो विद्युतभारावरून मोजतात, काही प्रकाशावरून. रेषा कुठे संपते, कुठे दुभंगते, अशा खुणांचा गणिती आराखडा तयार होतो आणि तोच पूर्वीच्या आराखड्याशी ताडला जातो. रेषा झिजल्या, कातडी कोरडी पडून भेगाळली, की खुणा हरवतात. कापूस वेचणाऱ्या बाईची बोटे वाळलेल्या बोंडाच्या टोकदार कडांनी सतत ओरबाडली जातात. ज्या २०१७ च्या हंगामात कर्जमाफीच्या रांगा लागल्या, त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो रुग्णालयात गेली. त्या हातांनी काय काय हाताळले, हे यंत्राला ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याला फक्त 'जुळत नाही' एवढेच कळते. ऑफिसात बसणाऱ्याचे बोट जुळते. टाकणकाराचे, वेचणाऱ्या बाईचे, गवंड्याचे अडते. ज्याच्या श्रमाची खूण सर्वांत खोल, त्याचीच ओळख सर्वांत पुसट.

इथे दोन कुलपांतला भेद नीट समजून घ्यावा लागतो, कारण बाहेरून ती सारखी दिसतात. खासगी लॅपटॉपवर ठशाचा आराखडा त्या यंत्रातल्याच सुरक्षित भागात राहतो, बाहेर जात नाही. बोट जुळले नाही तर यंत्र निमूटपणे पिन किंवा पासवर्ड विचारते. मालक दाराच्या आत आहे. कुलूप चोरासाठी आहे. सेवा केंद्रातील लॅपटॉपशी जोडलेल्या यंत्रावर ठसा सांकेतिक करून दूरच्या मध्यवर्ती साठ्याकडे पाठवला जातो आणि उत्तर तिकडून येते. तिथे लॅपटॉप शेतकऱ्याचा नाही, कुलूपही त्याचे नाही. ते योजनेला शेतकऱ्यापासून जपते. पहिल्या कुलपाची वंशावळ मोर्तबाशी जोडता येईल. दुसरे थेट हर्शेलच्या वंशातले आहे.

आणि हे कुलूप अभेद्यही नाही. २००२ मध्ये जपानच्या त्सुतोमू मात्सुमोतो यांनी जिलेटिनच्या बोटाने ठसा-यंत्रे फसवून दाखवली. २०१३ मध्ये आयफोन ५एस बाजारात येताच काही दिवसांत जर्मनीच्या केऑस कॉम्प्युटर क्लबने त्याचा ठसा-वाचक चकवला. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच सांगितल्यावरून केलेल्या तपासणीत ब्लॅकविंग इंटेलिजन्सच्या संशोधकांनी डेल, लेनोवो आणि खुद्द मायक्रोसॉफ्टच्या यंत्रांवरील बोटाची पडताळणी ओलांडली. त्यांनी खोटे बोट केले नाही, ठसा-वाचक आणि लॅपटॉप यांच्यातले संभाषणच हाती घेतले. अधिक बोलके उदाहरण पैनगंगेपलीकडच्या तेलंगणातले आहे. २०१८ मध्ये तेथे नोंदणीकृत दस्तांच्या प्रतींवरून अंगठ्यांचे ठसे उचलून त्यांचे बनावट साचे तयार केल्याचे उघडकीस आले. हर्शेलने फसवणूक थांबवण्यासाठी दस्तावर आणलेला अंगठाच फसवणुकीचा कच्चा माल झाला. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सरकारी अनुदानांसाठी आधार कायम ठेवले, पण खासगी कंपन्यांना त्याचा वापर करू देणारी तरतूद रद्द केली. न्या. चंद्रचूड यांचे त्यातील भिन्नमत स्वतंत्र वाचण्यासारखे आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत प्राधिकरणाने समोरचे बोट जिवंत आहे की साचा, हे तपासणारी पडताळणी आणली. जूनमध्ये पीएम-किसानसाठी चेहरा दाखवून ओळख पटवण्याची सोय झाली. झिजलेल्या बोटांना तो एक पर्याय. आपल्या आधारचे ठसे स्वतःच कुलूपबंद करून ठेवण्याची, आणि हवे तेव्हाच उघडण्याची सोयही आहे. घरबसल्या ती वापरायची, तर मोबाइल क्रमांक आधारशी जोडलेला असावा लागतो.