कमी देखभालीचे अंगण : गोव्याचा पाऊस आणि माती ओळखून करावयाची आखणी

गोव्यातील घराचे अंगण ही केवळ दारापुढची मोकळी जागा नव्हे. तुळशीवृंदावन, मिरच्या-कोकमांचे वाळवण, लग्नकार्याचा मांडव, चतुर्थीला जमणारे कुटुंब या सर्वांचा भार अंगणाने पिढ्यान्पिढ्या वाहिला आहे. पावसाळा सरला की धुपलेले अंगण मातीने भरून घ्यायचे, चोपायचे आणि शेणाने सारवायचे, हे काम दरवर्षी घरातील अनेक हात मिळून करीत. आज त्यांपैकी कित्येक घरांत दोन वृद्ध माणसे उरली आहेत. मुले नोकरीनिमित्त मुंबई-पुण्यात किंवा परदेशात असतात. काही घरे तर चतुर्थी आणि मे महिना एवढ्यापुरतीच उघडतात.

हात कमी झाले, तेव्हा अनेकांनी संपूर्ण अंगणावर काँक्रीट ओतले किंवा पेव्हर ब्लॉक बसवले. झाडलोट सोपी झाली, परंतु अंगणात मुरणारे पाणी रस्त्यावर वाहू लागले, उन्हाळ्याची धग उंबरठ्यापर्यंत आली आणि शेवाळलेल्या फरशीवरून वृद्धांचा पाय घसरण्याचे भय वाढले. कमी देखभालीचे अंगण म्हणजे झाडे आणि माती हद्दपार केलेले अंगण नव्हे. पाणी, तण, पालापाचोळा आणि शेवाळ ही चार नित्याची कामे आखणीच्या वेळीच कमी केलेली असतात, असे ते अंगण होय.

पाण्याचा हिशेब

अमेरिकेतील डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने १९८१ मध्ये ‘झेरीस्केपिंग’ ही संज्ञा रूढ केली. कमी पाण्यावर तगणारी बाग, हा तिचा आशय. परंतु ते शहर कोरड्या प्रदेशातील आहे. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्यानंतरचे अनेक महिने जवळजवळ कोरडे जातात. म्हणून येथील झाडाला अतिवृष्टी आणि दीर्घ कोरड ही दोन्ही सोसावी लागतात. कोरड्या प्रदेशासाठी तयार केलेल्या याद्या येथे जशाच्या तशा उपयोगी पडत नाहीत.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. या हिशेबाने १०० चौरस मीटरच्या अंगणावर वर्षभरात सुमारे ३ लाख लिटर पाणी पडते. सलग काँक्रीटवरून त्यातील बहुतेक पाणी निघून जाते. ज्या घराची विहीर एप्रिल-मे महिन्यांत तळ गाठते, त्या घराने हा आकडा अवश्य ध्यानात घ्यावा.

अंगणाचा उतार जोत्यापासून बाहेरच्या दिशेने, दर १० फुटांस सुमारे २ इंच असावा. उताराच्या शेवटी उथळ चर खणून त्यात दगड-खडी भरल्यास पाणी थबकते आणि मुरते. हा चर शौचालयाच्या टाकीपासून दूर असावा. अंगणातील गढूळ पाणी थेट विहिरीत सोडू नये. ते मातीतून गाळूनच खाली जाऊ द्यावे.

जांभ्याची जमीन

गोव्याच्या मोठ्या भागात जांभा खडक आणि त्याची तांबडी माती आढळते. फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ मध्ये मलबारमधील अशाच खडकाला विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटेराईट’ हे नाव दिले. ही माती लोहयुक्त, आम्लधर्मी आणि पाण्याचा चटकन निचरा करणारी असते. मुसळधार पावसात तिच्यातील पोषकद्रव्ये वाहून जातात आणि उन्हात ती कठीण होते. त्यामुळे लहान खड्ड्यात लावलेले झाड खुंटते. खड्डा किमान दोन फूट लांब, रुंद व खोल घ्यावा आणि तो माती, कुजलेले शेणखत व पालापाचोळ्याने भरावा. आरंभीची ही मेहनत पुढील अनेक वर्षांची निगा वाचवते.

जमिनीचा पृष्ठभाग

जेथे पाऊल आणि चाक पडते, तेवढाच भाग कठीण करावा. वाहनासाठी संपूर्ण अंगण झाकण्याची गरज नसते. चाकांखाली येतील अशा दीड-दोन फूट रुंदीच्या दोन पट्ट्या पुरतात. पायवाटेला चिरे किंवा खडबडीत दगड बसवून मध्ये इंचभर फट ठेवावी व ती बारीक खडीने भरावी. गुळगुळीत टाईल्स अंगणात कटाक्षाने टाळाव्यात.

शेवाळ सावलीत आणि ओलाव्यात वाढते. म्हणून गेटपासून पायरीपर्यंतची मुख्य वाट दाट झाडाखालून नेऊ नये. तिच्यावर ऊन पडेल असे पाहावे. पायऱ्यांना कठडा असावा. घरात वृद्ध असतील, तर हा खर्च कुठल्याही शोभेच्या झाडाआधी करावा.

हिरवळीचा मोह आवरणे हिताचे. उन्हाळ्यात तिला दर चौरस मीटरला दिवसाला साधारण चार-पाच लिटर पाणी लागते आणि पावसाळ्यात ती वारंवार कापावी लागते. सतत छाटणी मागणाऱ्या कुंपणवेली आणि झुडपांच्या कातीव रांगाही याच वर्गात मोडतात.

झाडांची निवड

झाडे पाण्याच्या गरजेनुसार एकत्र लावावीत. पहिला गट रुजल्यानंतर पाणी न मागणाऱ्यांचा : चाफा, बोगनवेल, पारिजातक, आवळा, कण्हेर. हा गट कुंपणाकडे असावा. कण्हेरीचे सर्व भाग विषारी असल्याने लहान मुले किंवा गुरे असलेल्या घरी ती लावू नये. दुसरा गट उन्हाळ्यात आठवड्यातून एकदोनदा पाणी घेणाऱ्यांचा : जास्वंद, तगर, इक्झोरा. तिसरा गट नित्य लक्ष मागणाऱ्यांचा : तुळस, अबोली, मोगरा. तो दाराजवळ, नळाच्या हाताशी ठेवावा. वृंदावनाच्या तळाशी पाणी निघून जाण्यास छिद्र असले, की पावसाळ्यात तुळस कुजत नाही.

रोप लावताना त्याचा आजचा नव्हे, तर पूर्ण वाढीचा आकार मोजावा. जास्वंदीला चार-पाच फूट अंतर द्यावे. सोनचाफा व बकुळ यांसारखे वृक्ष भिंतीपासून किमान १५ फूट दूर असावेत. वड, पिंपळ, उंबर यांची रोपे भिंतीच्या फटीत दिसताच काढावीत. गोव्यात १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार खासगी जागेतील झाड तोडण्यासही परवानगी लागते. चुकीच्या जागी लावलेले झाड म्हणूनच पुढे महाग पडते. माड वाटेवर किंवा वाहनतळावर झुकणार नाही, याचीही खात्री करावी.

आच्छादन आणि डास

उघडी माती हे तणाला आमंत्रण असते. झाडांच्या भोवती सुकी पाने किंवा नारळाची सोडणे यांचा दोन-तीन इंचांचा थर दिल्यास तण कमी उगवते आणि ओलावा टिकतो. हा थर खोडाला चिकटू देऊ नये. दाराजवळ पाचोळ्याचे ढीग साठवू नयेत, कारण त्यांत सापांना आडोसा मिळतो. करवंट्या, कुंड्यांखालच्या बशा व रिकामे डबे यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. ही भांडी अंगणात नसणे हे त्यांना दर आठवड्याला रिकामे करण्यापेक्षा सोपे आहे.

वर्षाचे वेळापत्रक

मे महिन्यात चर साफ करावेत आणि धोकादायक फांद्या उतरवाव्यात. पाऊस स्थिरावल्यावर, जूनअखेर ते जुलैमध्ये, लागवड करावी, म्हणजे मुळांना पूर्ण पावसाळा मिळतो. ऑगस्टमध्ये, चतुर्थीपूर्वी, तण काढावे आणि पायवाट घासावी. पाऊस ओसरल्यावर, व्हडल्या दिवाळीच्या म्हणजे तुळशीविवाहाच्या सुमारास, बोगनवेलीची छाटणी करून आच्छादनाचा नवा थर द्यावा. पहिल्या दोन उन्हाळ्यांत नव्या रोपांना पाणी द्यावेच लागते. त्यानंतर पहिला गट स्वतःच्या बळावर उभा राहतो.

बहुतांश काळ बंद राहणाऱ्या घराने केवळ पहिला गट लावावा, कुंड्या ठेवू नयेत आणि चर साफ करण्याचे काम मे महिन्यातील मुक्कामातच उरकावे. संपूर्ण अंगण एकाच वर्षी बदलण्याची आवश्यकता नसते. काँक्रीट आधीच घातलेले असल्यास कुंपणालगतची तीन फुटांची पट्टी उखडून तेथे चर व झाडे आणावीत. पहिल्याच पावसात किती पाणी अंगणात थांबले, हे घरच्यांना डोळ्यांनी दिसेल.