हॅमाड्रिअस बॅबून
हॅमाड्रिअस बॅबून : नर-वानर गणाच्या सर्कोपिथेसिडी कुलातील एक माकड. शास्त्रीय नाव पॅपिओ हॅमाड्रिअस. इथिओपिया, एरिट्रिया, जिबूती व सोमालिया येथील रुक्ष, खडकाळ प्रदेशांत आणि तांबड्या समुद्रापलीकडे अरबस्तानच्या नैर्ऋत्य भागात ते आढळते. ईजिप्तमध्ये ते रानटी अवस्थेत नाही. तरीही प्राचीन ईजिप्शियनांनी त्याला लेखन व चंद्र यांचा देव थॉथ याचे रूप मानले.

नराच्या खांद्यांवर लांब, रुपेरी करड्या केसांची आयाळ असते. तोंड व ढुंगण गुलाबी असते. मादी तपकिरी व वजनाने नराच्या जवळजवळ निम्मी असते. एक नर, काही माद्या व पिले यांचे कुटुंब बनते. दूर गेलेल्या मादीला नर मानेला चावून परत आणतो. गवत, बिया, मुळे, बाभळीच्या शेंगा व कीटक हे त्यांचे अन्न. रात्री अनेक कुटुंबे उंच कड्यांवर एकत्र झोपतात व सकाळी उन्हात बसून मग पांगतात. अबू सिंबेलच्या मंदिरावर उगवत्या सूर्यापुढे हात उंचावलेल्या बॅबूनांची रांग कोरलेली आहे. तिचे मूळ या सवयीत असावे, हे मत पटण्याजोगे आहे.

राणी हॅटशेपसुट (इ. स. पू. १५ वे शतक) हिने पुंट देशी पाठविलेल्या जहाजांवर सुगंधी वृक्षांबरोबर बॅबूनही होते, असे डेर एल्-बाहरी येथील शिल्पांत दिसते. पुंट नेमका कोठे होता, याविषयी विद्वानांत दीर्घकाळ वाद आहे. त्यावर या माकडांच्या ममींनीच काही प्रकाश टाकला. प्राणी ज्या भूमीतील अन्नपाण्यावर वाढतो, तिच्यातील स्ट्रॉन्शियमाच्या समस्थानिकांचे प्रमाण त्याच्या दातांत उतरते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा परीक्षणाने इथिओपिया, एरिट्रिया व लगतच्या प्रदेशाकडे बोट दाखविले. २०२३ मध्ये एका ममीच्या डीएनएवरून तिचे मूळ एरिट्रियाच्या किनारी भागात, प्राचीन अ‍ॅड्युलिस बंदराच्या परिसरात, असल्याचे अनुमान निघाले. ही ममी मात्र हॅटशेपसुटनंतर कित्येक शतकांची असल्याने पुंटचा प्रश्न सुटला, असे म्हणता येत नाही.

थीब्झजवळील दफनभूमीत सापडलेल्या बॅबूनांच्या हाडांवर मुडदूस व कुपोषण यांच्या खुणा आहेत. ती बहुधा अंधाऱ्या, बंदिस्त जागी ठेवली गेली होती. सूर्याचा उपासक म्हणून गौरविलेल्या या प्राण्याला ऊनच मिळाले नव्हते. अरबस्तानात मात्र ताइफजवळच्या घाटात आज त्यांचे कळप रस्त्याकाठी बसून प्रवाशांकडून खाद्य घेताना दिसतात.