वाचनापूर्वीची अभिरुची : वऱ्हाडातील एक नोंद

मराठी लेखकांच्या आत्मकथनांत बालपणीच्या वाचनाचे प्रकरण सहसा एका ठरावीक साच्यात येते. घरातील पुस्तकांचे कपाट, गावचे वाचनालय, ग्रंथप्रेमी शिक्षक आणि हाती पडलेला पहिला आवडता लेखक. अभिरुचीच्या इतिहासानेही हा साचा बहुधा तसाच स्वीकारला आहे. वऱ्हाडच्या संदर्भात तो अपुरा पडतो, असे येथे सुचवावयाचे आहे.

साचा खोटा नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी वकिली केली ती वऱ्हाडात, खामगाव व जळगाव-जामोद येथे. त्यांच्या लेखनावर लुब्ध झालेल्या राम गणेश गडकरी आणि वि. स. खांडेकर यांनी त्यांना गुरू मानले. छापील पान दूरच्या वाचकातून शिष्य कसा घडविते, याचे हे ठळक उदाहरण होय. मात्र असे नाते जुळण्यास अक्षरओळख, पुस्तक आणि फुरसत या तीन गोष्टी आधी लागतात. दर्यापूर-मूर्तिजापूर परिसरात कपाशीच्या शेतांत राबणाऱ्या बहुसंख्य घरांत त्या काळी त्या नव्हत्या. म्हणून त्या घरांतील मुलांना वाङ्मयाची गोडीच नव्हती, असे म्हणावयाचे काय?

दर्यापूरला लागून असलेल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले डेबूजी, म्हणजेच गाडगे महाराज, मामाकडे दापुऱ्यास गुरे राखत वाढले. शाळा त्यांच्या वाट्यास आली नाही. तरी तुकोबांची वाणी त्यांच्या कीर्तनाचा कणा होती. वऱ्हाडी बोलीत प्रश्न टाकावा, श्रोत्यांकडून उत्तर घ्यावे आणि त्या उत्तरावर अभंग उभा करावा, ही त्यांची रीत. येथे श्रोता निष्क्रिय राहत नाही, अर्थ घडविण्यात तो सहभागी होतो. वाचककेंद्री समीक्षा वाचकाविषयी जे सांगते, ते या श्रोत्यासही लागू पडते.

श्रवणात लेखकाचे व्यक्तित्व उरत नाही, मग ‘आवडता लेखक’ कोठून येणार, असा आक्षेप संभवतो. परंतु अभंगाच्या अखेरीस येणारी नाममुद्रा नेमके हेच कार्य करते. निरक्षर श्रोताही तुकोबा आणि नामदेव यांना वेगळे ओळखतो व त्यांतून आपला एक निवडतो.

परतवाड्यास १९१६ मध्ये जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांच्या घडणीत हे दोन्ही प्रवाह मिळतात. तेराव्या वर्षी शाळा सोडून ते स्वातंत्र्यलढ्यासाठी घराबाहेर पडले आणि पुढे गाडगे महाराजांच्या सहवासात आले. केवळ कीर्तनाने त्यांना लेखक केले, असा दावा करता येणार नाही. तथापि त्यांच्या गद्याची बोलती लय आणि ज्ञानेश्वर-तुकारामांवरील त्यांच्या कादंबऱ्या या श्रवणसंस्काराशिवाय पुरत्या उलगडत नाहीत. अकोल्यास १९१२ मध्ये भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष हरि नारायण आपटे होते. ‘करमणूक’ घरोघर नेणारे ते संपादक. त्याच अकोल्यात १९८१ मध्ये अध्यक्षपदी दांडेकर होते. या दोन नावांत अभिरुचीच्या दोन परंपरा दिसतात.

ही दुसरी परंपरा नवी नव्हे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, ते नागदेवाचार्यादी अनुयायांच्या स्मरणातून. मराठीचा हा आद्य गद्यग्रंथ ऐकणाऱ्यांच्या आठवणींवर उभा आहे.

प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्यास ‘लहानपणी काय वाचलेस?’ असे विचारले की तो मान खाली घालतो. ‘काय ऐकलेस?’ असे विचारले तर जात्यावरच्या ओव्या, पोथीचे पारायण, भारूड, आजीच्या कहाण्या असे बरेच काही निघते. पहिल्या प्रश्नाने आपण त्याची अभिरुची शून्यातून सुरू होते असे गृहीत धरतो. या गृहीताला वऱ्हाडचा वाङ्मयेतिहास आधार देत नाही.