भीत, शंकित, कंपित : सभाभयाच्या कल्पनेचा पूर्वेतिहास

सभेपुढे गाता-वाजविताना कलावंताला जे भय वाटते, त्याचा विचार आपण आज बहुधा व्यक्तीच्या मनोव्यापाराच्या अंगाने करतो. बिघाड कलावंताच्या मनात होतो आणि त्यावर मातही त्यानेच, एकट्याने, करावयाची असते, असे त्यात गृहीत असते. संगीतशास्त्राचे संस्कृत ग्रंथ आणि मराठी सादरीकरणाची परंपरा यांकडे वळले असता या अनुभवाची मांडणी वेगळ्या ठिकाणी झालेली आढळते. ते ठिकाण कोणते आणि मैफलीचे रूप पालटले तेव्हा त्याचे काय झाले, एवढाच प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

प्रारंभ नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायापासून करावा लागतो. इंद्रध्वजाच्या उत्सवात भरतपुत्रांनी केलेला पहिलाच प्रयोग मोडला. दैत्यांच्या पराभवाचे दृश्य पाहून विरूपाक्षप्रभृती असुर संतापले आणि विघ्नांच्या साहाय्याने त्यांनी प्रयोक्त्यांची वाणी, हालचाल व स्मृती गोठवून टाकली. जीभ जड होणे, अंग ताठणे, पाठ असलेले आठवेनासे होणे ही सभाभयाची तिन्ही लक्षणे येथे एकत्र आली आहेत. मात्र त्यांचा उगम प्रयोक्त्याच्या अंतःकरणात दाखविलेला नाही. तो आहे दुखावलेल्या प्रेक्षकांत. उपायही त्याला धरूनच येतात. इंद्र जर्जराने विघ्नांना झोडपतो, विश्वकर्मा नाट्यगृह बांधतो, त्याच्या अंगोपांगांवर रक्षक देवतांची नेमणूक होते आणि ब्रह्मदेव त्या रुष्ट प्रेक्षकांची समजूत घालतो. नटाने धीट व्हावे, असा उपदेश या कथेत कोणी करीत नाही. नाट्यगृह ही वास्तूच येथे प्रयोक्त्यांच्या स्तंभनावरचा तोडगा म्हणून जन्माला येते, याची दखल अभ्यासकांनी पुरेशी घेतलेली नाही असे वाटते.

पूर्वरंगाचाही विचार या दृष्टीने करता येईल. त्याची पहिली नऊ अंगे पडद्याआड घडतात. वाद्ये मांडणे, गायकांनी स्थानापन्न होणे, आलापास आरंभ करणे, वाद्ये जुळवून घेणे हे सारे प्रेक्षकांच्या दृष्टीस पडण्याआधी उरकलेले असते. त्याचा धार्मिक अर्थ सर्वज्ञात आहे. पण प्रयोक्त्याला सभेच्या नजरेपुढे एकदम न लोटता टप्प्याटप्प्याने आणून सोडणारी ही योजना आहे, हेही तितकेच खरे.

शिक्षाग्रंथांत भयाचे स्थान बदलते. नारदीय शिक्षेने गीताचे चौदा दोष सांगितले आहेत. त्यांत ‘शंकित’ आणि ‘भीत’ हे अगदी आरंभी येतात आणि हीच जोडी पाणिनीय शिक्षेत पाठदोषांच्या यादीतही आढळते. म्हणजे वेदपठण असो वा गायन, भय हा उच्चाराचा, ध्वनीचा दोष आहे. तो ऐकू येतो. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्याने पंचवीस प्रकारचे सदोष गायक सांगताना भीत, शंकित व कंपित हे तीन वेगवेगळे धरले आहेत. भयाने गातो तो भीत. घाईने गातो तो शंकित. ज्याचे शरीर आणि आवाज स्वभावतःच थरथरतात तो कंपित. घाईला शंकेचे नाव देणे हे सूक्ष्म निरीक्षण आहे. भेदरलेला शिकाऊ गायक लय वाढवतो आणि समेवर लवकर येऊन आदळतो, हे कोणताही तबलावादक सांगेल.

याहूनही उद्बोधक आहे ती उत्तम गायकाच्या गुणांची यादी. तीत ‘निर्भय’ हा शब्द येत नाही. येतात ते आयत्तकंठ, सावधान, जितश्रम, धारणायुक्त, सुसंप्रदाय असे शब्द. भयाचा प्रतिपक्ष म्हणून धैर्य उभे केलेले नाही. गळ्यावरचा ताबा, एकाग्रता, मेहनत, स्मरण आणि परंपरा यांनी मिळून भयाची जागा भरून काढावयाची आहे. याच यादवांच्या मुलखात, शके १२१२ मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात. शार्ङ्गदेवाने गायकाला लावलेली अट येथे श्रोत्याकडे सरकते. पुढे रामदासांनी दासबोधाच्या पहिल्याच दशकात श्रोत्यांचे आणि सभेचे स्तवन स्वतंत्र समासांत केले. त्याला केवळ ग्रंथारंभीचा संकेत म्हणून सोडून देता येत नाही. बोलणाऱ्याची भीती निम्म्याने ऐकणाऱ्याच्या हाती असते, ही जाण त्यामागे आहे.

आता शब्दांकडे वळू. कन्नड, तेलुगू, मलयाळम या भाषांत ‘सभाकंप’ वा त्याच्या जवळचे रूप आजही प्रचारात आहे. मराठीत त्या भयाला असा रुळलेला शब्द नाही. आहे तो ‘सभाधीट’. व्याधीला नाव नाही, बरे झालेल्या माणसाला मात्र आहे. बरे होण्याच्या क्रियेसाठी मराठी ‘भीड चेपणे’ म्हणते. हिंदीत ‘भीड’ म्हणजे गर्दी. मराठीत तिचा प्रमुख अर्थ संकोच, मुरवत, दुसऱ्याच्या असण्याचे मनावर आलेले दडपण. ही भीड जिंकायची नसते. वारंवार दाबून, हळूहळू बसवायची असते. या क्रियापदात सरावाची एक पूर्ण पद्धत साठवलेली आहे.

ती पद्धत कोणती, हे घराणेदार तालमीत दिसते. शिष्य प्रथम गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसतो. सभा त्याला पाहते, पण तिचे लक्ष त्याच्यावर नसते. मग गुरू दम घेत असताना त्याने षड्ज भरावयाचा, पुढे एखादी आलापी उचलावयाची, क्वचित एखादी तान. चूक झाली तर गुरू ती आपल्या गाण्यात सामावून घेतो. स्वतंत्र बैठक यायला वर्षे जातात, आणि तोवर भीड चेपलेली असते. वारकरी कीर्तनात हेच काम टाळकरी करतात. कीर्तनकार थांबला की चाल ते उचलून धरतात. नवखा कीर्तनकार तेथे उघडा पडत नाही. अर्थात या व्यवस्थेचे गोडवे गाऊ नयेत. गुरूच्या मागे बसून अनेकांचा उमेदीचा काळ सरला आणि पुढे येण्याची पाळीच आली नाही, हाही तिचाच इतिहास आहे.

युरोपात एकोणिसाव्या शतकात नेमके उलटे घडत होते. १८४० साली लंडनमध्ये लिस्टच्या एकट्याच्या कार्यक्रमांना ‘रिसायटल’ हे नाव मिळाले. एकच वादक, एकच पियानो, आणि समोर पैसे मोजून आलेला अनोळखी समुदाय. शोपँने जाहीर कार्यक्रम फारच थोडे केले, त्याची ओढ घरगुती बैठकांकडे होती. पाब्लो कासाल्सचे १९०१ साली कॅलिफोर्नियातील एका डोंगरावर दगड पडून बोट चेंगरले. आता चेलो वाजवावा लागणार नाही, ही आपल्या मनातील पहिली सुटकेची भावना होती, असे त्याने पुढे नमूद केले. १९७७ साली ‘लॅन्सेट’मध्ये तंतुवाद्यवादकांवरील ऑक्सप्रेनोलॉल या औषधाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. भीत आणि कंपित यांतला शार्ङ्गदेवाने केलेला भेद तेथे अजाणता परतला. औषध मुख्यतः कंपावर चालते. सभेचे काय करावे, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा.

महाराष्ट्रात जाहीर, तिकीट लावलेली मैफल आली तेव्हा ही दोन्ही वळणे एकमेकांत मिसळली. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढले. त्या परंपरेतील जलशांनी संगीत राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यातून सभागृहात आणले. ओळखीच्या, जाणत्या मोजक्या श्रोत्यांच्या जागी अनोळखी समाज आला. स्त्रियांच्या बाबतीत हा बदल अधिक अवघड होता. तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या स्त्री-कलावंतांत हिराबाई बडोदेकरांची (१९०५–१९८९) गणना होते. त्यांच्यासमोरच्या सभेचा धाक स्वर चुकण्यापुरता नव्हता. गाणाऱ्या बाईकडे पाहण्याची समाजाची एक ठरलेली नजर होती, तिचाही तो होता. हिराबाईंनी उभे राहून, हावभावांसह गाण्याची जुनी रीत सोडली. अंगभर पदर घेऊन, बैठक मारून, हातवारे जवळजवळ न करता त्या गात. याला सोज्ज्वळपणा म्हणण्याचा प्रघात आहे. हे वर्णन मला अपुरे वाटते. ब्रह्मदेवाने विघ्नांची समजूत घातली होती. हिराबाईंनी ते काम आपल्या बसण्याने केले. सभेला कसे पाहावे हे शिकविले आणि मग तिच्यापुढे निवांतपणे षड्ज लावला.