ओपन बॅफल स्पीकर : वूफरची संख्या व मांडणी

पेटीशिवाय, नुसत्या फळीवर बसवलेला स्पीकर. वूफरच्या पाठीमागून निघणारी लहर पुढच्या लहरीच्या विरुद्ध कलेत असते. कमी कंप्रतेला ती फळीला वळसा घालून पुढे येते आणि बास खाऊन टाकते. घसरण दर सप्तकाला ६ डेसिबल. वळसा ३० सेंमी. असेल, तर ती साधारण २०० हर्ट्‌झपासून सुरू होते व ५० हर्ट्‌झला तूट सुमारे १२ डेसिबल होते. इक्वलायझरने ती भरायची, तर वूफरच्या पडद्याला (कोनला) चौपट हलावे लागते आणि त्याची मर्यादा लगेच गाठली जाते. म्हणून वूफर वाढवतात : संख्या दुप्पट केली की तेवढ्याच हालचालीत ६ डेसिबल जास्त. ध्वनी-अभियंते झीगफ्रीट लिंकविट्‌झ (१९३५–२०१८) यांच्या ‘ओरायन’ या ओपन बॅफल स्पीकरमध्ये दर बाजूला १० इंची दोन वूफर आहेत. एकच मोठा वूफर लावून भागवणे ही बहुधा फसवी काटकसर ठरते.

वूफर जमिनीलगत ठेवल्यास जमिनीचा आधार मिळतो. दोन वूफरांपैकी एक उलटा बसवून त्याच्या ताराही उलट जोडल्या, की विकृती कमी होते. बाजूंना आवाज जवळपास नसल्याने शेजारची भिंत फारशी छळत नाही. मागची मात्र मीटरभर दूर हवी. दहा-बाय-बारा फुटांच्या खोलीत खरी अडचण हीच.